पांझरेच्या पुलावरची आठ मिनिटं

“मॅडम, त्या दिवशी तुम्ही सगळे नसता ना, तर मी रोजच्यासारखी निघून गेले असते.”

नववीतल्या मुलीचं हे वाक्य. तिच्या उजव्या कोपराला पट्टी होती, सायकलचं हँडल वाकडं झालं होतं आणि ते शनिवारी संध्याकाळी कसं झालं एवढंच ती आपल्या बाईंना सांगत होती. तिचा सूर तक्रारीचाही नव्हता. तिच्या बाई आमच्या सायकल गटात आहेत. त्या शनिवारी पुलावर माझ्या शेजारीच सायकल धरून उभ्या होत्या.

धुळ्यात सायकलला रस्त्यावर जागा मिळावी म्हणून आम्ही ऐंशीहून जास्त जण एकत्र रस्त्यावर उतरलो आणि जिच्यासारख्यांसाठी उतरलो तिलाच आमच्यामुळे लागलं. शहराच्या रहदारीत गर्दीने सायकली काढल्या तर सायकलचं भलं होतं का, या प्रश्नावर आमच्या गटात त्यानंतर बरीच भांडणं झाली, दोघं गट सोडून गेले आणि फेरीचं रूपही बदललं. काय घडलं, आम्ही काय चुकलो आणि काय हाती आलं, ते जमेल तितकं सरळ लिहितो.

दोन काठांचं शहर

ज्यांनी धुळे पाहिलेलं नाही त्यांना पुलाचं महत्त्व कळायचं नाही. पांझरा नदी शहराच्या मधून वाहते. दक्षिणेला पेठ, जुनं धुळे, बाजार, कचेऱ्या. उत्तरेला देवपूर, म्हणजे कॉलेजं आणि वसाहती. रोज सकाळी देवपूर पुलांवरून पेठेत येतं आणि संध्याकाळी परत जातं. पूल मोजकेच आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला मोठा पूर आला आणि पुलांवरची वाहतूक थांबली, तेव्हा एकाच शहराची दोन गावं झाल्यासारखं वाटलं होतं.

पेठेची रचना मात्र सायकलसाठी फार सोयीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी खानदेशचा कारभार धुळ्यातून चालवायला घेतला, तेव्हा इथली नवी पेठ सरळ रेषेत आखली गेली. मधून आग्रा रोड आणि त्याला समांतर नंबरांच्या गल्ल्या. मुंबई-आग्रा महामार्ग आता शहराबाहेरून जातो, पण जुन्या रस्त्याचं नाव राहिलं. आज आग्रा रोड म्हणजे कापडाची, भांड्यांची, सराफांची दुकानं, त्यापुढे उभ्या मोटारसायकली, त्यापुढे लोटगाड्या आणि उरलेल्या पट्ट्यात सगळी रहदारी. गल्ल्यांमध्ये त्या मानाने शांतता असते. ही गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली.

शहर सपाट आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला सायकलवर अर्धा तास पुरतो. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, चव्वेचाळीसपर्यंतही जातो, तेव्हा दुपारी सायकल काढवत नाही हे खरं. पण इथला हिवाळाही तसाच जोरदार असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हात गारठतात आणि दिवसभर सायकल चालवताना घाम येत नाही. पावसाळाही आटोपशीर. वर्षातले सात-आठ महिने सायकलला उत्तम असलेलं हे शहर आहे.

सायकल चालवणारेही आहेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती, मोटारसायकल किंवा स्कूटर २१ टक्के घरांत आणि मोटार ५ टक्क्यांच्याही आत. त्यानंतर दुचाकी खूप वाढल्या हे डोळ्यांनी दिसतं. तरी सकाळी सहा-साडेसहाला पुलावर उभं राहिलं की मार्केट यार्डात जाणारे हमाल, घरकामाला निघालेल्या बायका, पेपर टाकणारी पोरं, शिकवणीला जाणाऱ्या मुली असे सायकलवाले एकामागून एक जाताना दिसतात. सायकलला लावलेल्या दुधाच्या कॅनांचा आवाज तर लांबूनच येतो. आमचा गट सुरू झाला तेव्हा यातलं कुणीही त्यात नव्हतं.

फेरी कशी सुरू झाली

सुरुवात सहा जणांची. एक बँकेतले, एक दंतवैद्य, दोन इंजिनिअरिंगची मुलं, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, आणि मी. रविवारी पहाटे लळिंगच्या किल्ल्यापर्यंत जाऊन यायचो. परत येताना शहरात शिरलं की प्रत्येकाला एकच अनुभव यायचा. मागून हॉर्न, शेजारून घासून जाणारी रिक्षा, अचानक उघडणारं मोटारीचं दार. महामार्गापेक्षा आग्रा रोडची भीती जास्त वाटायची.

इंजिनिअरिंगच्या पोरांपैकी एकाने क्रिटिकल मासबद्दल सांगितलं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २५ सप्टेंबर १९९२ ला पन्नासेक लोक संध्याकाळी कामावरून सुटल्यावर एकत्र सायकलने निघाले. नेता नाही, संघटना नाही, परवानगीचा अर्ज नाही. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी भेटायचं आणि एकत्र घरी जायचं. ती कल्पना पुढे जगभर पसरली. तिच्या नावाचा अर्थ सोपा आहे. एकट्या सायकलवाल्याला कुणी जागा देत नाही, पण ठरावीक संख्या जमली की घोळका आपली जागा आपोआप घेतो.

आम्हाला ते मनापासून पटलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता पेठेतून निघायचं, आग्रा रोडने पुलावर, पुलावरून देवपूर आणि परत. पहिल्या फेरीला एकवीस जण आले. दुसरीला चाळीसच्या वर. तिसरीत एक स्थानिक वार्ताहर आला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो छापून आला. आम्ही संबंधित कार्यालयात जाऊन निवेदन दिलं, ते स्वीकारताना साहेबांबरोबर आमचा फोटो निघाला. निवेदनात ‘शहरात सायकल ट्रॅक व्हावेत’ एवढीच मागणी होती. कुठल्या रस्त्यावर, किती रुंद, कुणाची जागा घेऊन, यातलं काहीच त्यात नव्हतं. आज तो कागद वाचताना मला लाज वाटते. त्यात नकार द्यावा असं काही नव्हतं आणि हातात घेऊन काम करावं असंही काही नव्हतं.

तरी त्या पहिल्या तीन फेऱ्यांचं श्रेय मी काढून घेणार नाही. शिक्षिका असलेल्या ताई तिसऱ्या फेरीत पहिल्यांदा आल्या. लग्नाआधी त्या सायकल चालवायच्या, नंतर वीस वर्षं हात लावला नव्हता. दिवे लागल्यावर आग्रा रोडच्या मधोमध सायकल चालवताना त्या म्हणाल्या होत्या, “या रस्त्यावर मी इतकी वर्षं खाली मान घालून चालले. आज पहिल्यांदा वर बघतेय, जुन्या माड्यांचं लाकूडकाम किती सुंदर आहे!” असं पाच-सहा बायकांना वाटलं असेल तर ती कमाई छोटी नाही. घोळक्यात शिरून आलेला धीर खरा असतो. त्या धीराचं पुढे काय करायचं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

पुलावर

चौथ्या फेरीला मोजून शहाऐंशी सायकली होत्या. लहान मुलं होती, गिअरच्या सायकली होत्या, एका काकांची रॉडची जुनी काळी सायकल होती. आम्ही खूश होतो.

घोळका तुटू नये म्हणून चौकाचौकात आमचे दोन-दोन जण आडवे उभे राहून बाजूची वाहनं थांबवत होते. परदेशात याला कॉर्किंग म्हणतात; बाटलीला बूच मारावं तसं रस्त्याचं तोंड तेवढ्यापुरतं बंद करायचं. हेतू चांगला असतो. मोठा घोळका अर्धा सिग्नलच्या अलीकडे, अर्धा पलीकडे राहिला तर मधे वाहनं घुसतात आणि धोका वाढतो. पण त्यासाठी दुसऱ्याचा रस्ता अडवावा लागतो आणि तो अधिकार आम्हाला कुणी दिलेला नव्हता.

पुलाच्या तोंडाशी आम्ही असंच केलं. मग पुलाच्या मध्यावर कुणीतरी म्हणालं की इथे फलक धरून फोटो घेऊ, मागे नदी येईल. सगळे थांबले. पुढचे मागे आले, मागचे पुढे आले, दोघांनी ड्रोनची चौकशी केली. सुरुवातीच्या सायकलपासून शेवटची सायकल पूल उतरेपर्यंत आठ मिनिटं गेली. शनिवारची संध्याकाळ, पावणेसातची वेळ. मागे रिक्षा, मोटारसायकली, एक एसटी आणि भाजीच्या दोन लोटगाड्या तुंबल्या. एका लोटगाडीवाल्याने हात जोडल्यासारखे केले आणि मग ओरडून विचारलं, “रस्ता काय तुमना बापना शे का?” आमच्यातल्या एका मुलाने त्याला उलट उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.

शिकवणीहून देवपूरला परतणारी ती मुलगी त्या कोंडीत होती. रोज ती पुलाच्या डाव्या कडेने जाते. त्या दिवशी मोटारसायकलवाले पुढे सरकायला जागा शोधत त्याच कडेला घुसले. दोन मोटारसायकलींच्या मधे तिचं हँडल अडकलं आणि ती कठड्यावर आपटली. आम्हाला यातलं काहीही कळलं नाही. आम्ही तेव्हा पुढे फोटोला उभे होतो. सोमवारी वर्गात ताईंनी पट्टीबद्दल विचारलं तेव्हा ते समजलं.

हिशोब नंतर मांडला, तो आधी मांडायला हवा होता. दोन-दोनच्या रांगेत शहाऐंशी सायकली म्हणजे त्रेचाळीस ओळी. पुढच्या आणि मागच्या ओळीच्या पुढच्या चाकांत चार मीटर धरले तर ताफा सुमारे १७० मीटर लांब होतो. ताशी बारा किलोमीटरच्या वेगाने एका ठिकाणावरून तो जायला ५० ते ५५ सेकंद लागतात. म्हणजे शिस्तीत गेलो असतो तर मिनिटभरात पूल मोकळा झाला असता. तीस सेकंदांच्या हिरव्या दिव्यात दोन-दोनच्या रांगेतल्या साधारण पन्नासच सायकली बसतात. त्याहून मोठा घोळका न तुटता जाऊच शकत नाही. वीस जणांचा गट घेतला तर तो बारा सेकंदांत जातो. म्हणून कुणालाही अडवायची गरज पडत नाही. जर्मनीत पंधराहून जास्त सायकलवाले एकत्र असतील तर कायद्याने तो एकच ताफा धरतात, दोन-दोनच्या रांगेत जायची मुभा असते आणि पुढचा हिरव्या दिव्यावर शिरला की मागचे पाठोपाठ जाऊ शकतात. आपल्याकडे अशी तरतूद नाही. आपण तसं वागायला लागलो की तो नुसता नियमभंग ठरतो.

परवानगीचंही तसंच. लंडनमध्ये अशा फेरीला आधी पोलिसांना कळवावं लागतं का, हा वाद थेट वरच्या न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये निकाल लागला की नेहमीच्या प्रथेप्रमाणे निघणाऱ्या त्या फेरीला पूर्वसूचना लागत नाही. आमच्या गटातल्या दोघांनी तोच दाखला लावून धरला होता. पण महाराष्ट्रात मिरवणुकांचं नियमन पोलीस कायद्याखाली होतं आणि कलम ३७ चा मनाई आदेश लागू असेल तर पाच किंवा जास्त लोक जमायला, मिरवणूक काढायला परवानगी लागते. सणावाराच्या, निवडणुकीच्या काळात असे आदेश जिल्ह्यात वारंवार निघतात. ‘आम्ही सहज फिरायला निघालोय’ हे फलक हातात घेऊन म्हणता येत नाही. चौथ्या फेरीनंतर आम्हाला बोलावून हे समजावून सांगण्यात आलं आणि मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

नानांच्या अंगणात

बैठक नानांच्या अंगणात झाली. ताईंनी मुलीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही.

मग इंजिनिअरिंगचा मुलगा बोलला आणि त्याचं म्हणणं मला आजही पूर्ण चुकीचं वाटत नाही. तो म्हणाला, कोंडी सायकलींमुळे झाली नाही, पूल आधीच अपुरा आहे. लग्नाची वरात, पुढाऱ्याचा ताफा, विसर्जनाची मिरवणूक तासन्‌तास रस्ता अडवते तेव्हा कुणी विचारत नाही. आठ मिनिटं सायकलींनी अडवला की सगळ्यांना घाई आठवते. गैरसोय झाल्याशिवाय या देशात कुणी ऐकत नाही. जळगावात महामार्गाच्या समांतर रस्त्यांसाठी लोकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, ती काय कुणाला त्रास न देता झाली?

नानांनी त्याला एकच विचारलं. “जळगाववाले काय मागत होते, ते सगळ्या जळगावला माहीत होतं. आपण काय मागतोय ते त्या लोटगाडीवाल्याला माहीत होतं का?”

माझ्या मते सगळं प्रकरण या प्रश्नापाशी येऊन थांबतं. आमच्या फलकावर ‘सायकल चालवा, पर्यावरण वाचवा’ असं लिहिलं होतं. लोटगाडीवाल्याला, एसटीच्या चालकाला, त्या मुलीला पर्यावरण वाचवायला सांगत आम्ही त्यांचाच रस्ता अडवला होता. शिवाय त्या मुलीला सायकल चालवा म्हणून सांगायची गरज नव्हती. ती रोज चालवत होती.

बाहेरच्या देशांचे दाखले त्या रात्री दोन्ही बाजूंनी दिले गेले, म्हणून मी नंतर ते नीट वाचून काढले. त्यातून एकच सरळ निष्कर्ष निघत नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २५ जुलै १९९७ च्या फेरीला सुमारे पाच हजार लोक आले, महापौरांशी संघर्ष झाला, शंभराहून जास्त जणांना अटक झाली. शहरभर संताप झाला, पण सायकलच्या प्रश्नाकडे राजकारण्यांना लक्षही द्यावं लागलं. न्यूयॉर्कमध्ये ऑगस्ट २००४ च्या फेरीत अडीचशेहून जास्त अटका झाल्या आणि पुढची कित्येक वर्षं सायकलवाले आणि पोलीस यांच्यातला वाद हाच मुख्य विषय होऊन बसला. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात २५ फेब्रुवारी २०११ ला एका मोटारचालकाने मागून फेरीत गाडी घातली आणि अनेक जण जखमी झाले. तो गुन्हा त्या चालकाचाच. पण मुलाबाळांना घेऊन रस्त्यात उतरणाऱ्या प्रत्येक आयोजकाने ती घटना डोळ्यांपुढे ठेवावी. हंगेरीत बुडापेस्टची फेरी वेगळी. तिथे त्या काळात दरमहा अडवणूक करण्याऐवजी मोठी फेरी वर्षातून दोनदाच निघायची, वसुंधरा दिनाला आणि सप्टेंबरातल्या मोटारमुक्त दिनाला. पोलिसांशी बोलून, मार्ग जाहीर करून. एप्रिल २००८ मध्ये तिला सुमारे ऐंशी हजार लोक आले होते. इतके लोक आले की त्यांना किरकोळ म्हणता येत नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो नेदरलँड्सचा अनुभव. १९७१ मध्ये त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर आले, मुलांसह सायकली घेऊन रस्त्यात आडवे झाले. ते कोणता रस्ता, कोणती शाळा, कोणता चौक हे बोट दाखवून सांगत होते. पाठोपाठ १९७३ चं तेलसंकट आलं आणि सरकारलाही मोटारींना पर्याय हवा झाला. गर्दी, नेमकी मागणी आणि वेळ अशा तिन्ही गोष्टी तिथे जुळल्या. आमच्याकडे फक्त पहिली होती, तीही शहाऐंशी जणांची.

जास्त सायकली म्हणजे जास्त सुरक्षितता, असंही एक म्हणणं बैठकीत आलं. त्याला आधार आहे. पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये वेगवेगळ्या शहरांची आणि देशांची आकडेवारी तपासून दाखवलं की सायकलवाले दुप्पट झाले तर प्रत्येकाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो, कारण वाहनचालकांच्या डोळ्यांना सायकलची सवय होते. पण ही सवय रोजच्या सायकलींनी लागते. महिन्यातून एकदा दिसणारा शहाऐंशींचा घोळका चालकाला फक्त एवढंच शिकवतो की शेवटच्या शनिवारी या रस्त्याने जाऊ नये.

वेळ आणि वाट बदलली

त्या रात्री ठरलं ते असं. चौक अडवायचे नाहीत. गट वीसच्या वर जाऊ द्यायचा नाही, जास्त लोक आले तर दोन गट पाच मिनिटांच्या अंतराने. लाल दिव्याला सगळे थांबतील, घोळका तुटला तर तुटू दे, पुढे जाऊन वाट बघू. आणि वेळ शनिवारच्या संध्याकाळऐवजी शाळा-शिकवण्या सुटायची, आठवड्यातून दोन दिवस. पोरं जातात त्या वाटेने त्यांच्या मागे-पुढे राहून जायचं.

दोघांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, ही फेरी उरली नाही, राखण झाली. ते गेले. संख्या तर कोसळलीच. पहिल्या आठवड्यात नऊ जण, पुढे दहा-बारा. पेपरवाला परत आला नाही. हा तोटा खरा आहे आणि मला त्याची खंत वाटते. शहाऐंशी लोकांचा जो उत्साह होता तो आम्ही जपू शकलो नाही.

पण रस्ता दिसायला लागला. घोळक्यात असताना खड्डा चुकवायचा एवढंच कळतं. मुलींच्या मागून सायकल चालवताना त्या कुठे घाबरतात, कुठे उतरून ढकलतात, कुठे अचानक उजवीकडे सरकतात हे दिसतं. तीन ठिकाणी त्या न चुकता उजवीकडे, रहदारीत सरकायच्या. उतरून पाहिलं तर तिन्ही ठिकाणी गटाराची लोखंडी जाळी होती आणि तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने, म्हणजे चाकाच्याच दिशेने. साध्या सायकलचा टायर जेमतेम दीड इंच रुंद. पट्ट्यांमधली फट दोन इंचांची. चाक थेट आत जातं. मोटारसायकलच्या जाड टायरला काही होत नाही, म्हणून आजवर कुणाची तक्रारही नव्हती. उपाय अगदी स्वस्त आहे. जाळी काढून काटकोनात फिरवायची किंवा वरून आडव्या पट्ट्या वेल्ड करायच्या.

दुसरं निवेदन एका पानाचं होतं. तीन जागा, तीन फोटो, फटीवर धरलेली मोजपट्टी आणि काय करायचं त्याचं एक वाक्य. नाना स्वतः घेऊन गेले, कारण वेल्डिंगची भाषा त्यांना येते. तिथल्या अभियंत्यांशी त्यांचं दहा मिनिटांत जमलं. दोन जाळ्यांवर महिनाभरात पट्ट्या बसल्या. तिसरी अजून तशीच आहे. तिचा रस्ता दुसऱ्या विभागाकडे येतो म्हणे, म्हणून तोच कागद पुन्हा तिकडे दिला आहे.

हमालांशी बोलायलाही आम्ही तेव्हाच गेलो. मार्केट यार्डाच्या दारात चहा पिणाऱ्या एकाला मी आमच्या गटात या म्हटलं. तो म्हणाला, “आम्ही त रोजच सायकलवर येतस. आमले कोन इचारस?” तो अजून आलेला नाही. पण पुलाच्या उतारावर रात्री दिवा बंद असतो आणि तिथे वाळू साचते, हे त्याच्याकडूनच कळलं. ते यादीत आहे.

मोठी फेरी कायमची बंद करावी असं मला वाटत नाही. वर्षातून एकदा, रविवारी सकाळी, रीतसर परवानगी घेऊन, मार्ग आधी जाहीर करून ती निघावी आणि त्या दिवशी फलकावर एकाच जागेचं एकच काम लिहिलेलं असावं. ‘पुलाच्या डाव्या कडेला चार फुटांचा पट्टा आखा’ असं काहीतरी. ते काम लोटगाडीवाल्यालाही पटेल असं असावं. त्यालाही तीच कडा लागते. बाकीचे अकरा महिने छोटे गट. ताईंचं मत आणखी कडक आहे. त्या म्हणतात, रोज सायकल चालवणारे निम्मे तरी फेरीत असल्याशिवाय मोठी फेरी काढूच नये. यावर आमचं अजून एकमत नाही.

मुलीची वाट

ती मुलगी आम्ही सोबत जायला लागल्यावर सुरुवातीला संकोचायची. पंधरा दिवसांनी तिने ताईंना विचारलं, “तुम्ही सगळे आग्रा रोडनेच का जाता?”

तिची वाट वेगळी होती. आग्रा रोडला समांतर असलेल्या गल्ल्यांमधून, दोन ठिकाणी वळून, पुलाच्या अगदी अलीकडे ती बाहेर पडते. घरातल्या कुणी दाखवलेली नाही, तिने स्वतः शोधलेली. आम्ही त्या वाटेने गेलो. ओटे, पाण्याचे ड्रम, उभ्या केलेल्या मोटारसायकली, पण भरधाव काहीही नाही. वेळ मोजली तर आग्रा रोडपेक्षा मिनिटभर कमीच लागला. एका जागी मात्र अडचण होती. दोन गल्ल्यांना जोडणाऱ्या बोळाच्या तोंडाशी बांधकामाचं दगडमातीचं साहित्य पडलेलं, तिथे तिला रोज उतरावं लागायचं.

गेल्या गुरुवारी आम्ही चौदा जण त्या बोळापाशी उतरलो. ज्यांचं साहित्य होतं त्या आजोबांना नानांनी हाक मारली, दोघं ओळखीचे निघाले. आजोबा म्हणाले, दोन हात जागा करून देतो, पण विटा तुम्हीच हलवा. अर्धा तास लागला. मुलगी सायकलवर बसूनच बोळातून पलीकडे गेली, वळली आणि आम्हाला म्हणाली, “आता या. एकेकाने या, इथे दोघं मावत नाहीत.”